कुळथाची कॅप्सूल आणि नाचणीची पेज

प्रश्न : सासरे ६४ वर्षांचे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. कुणीतरी त्यांना नाचणी-कुळथाच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. डबीवर 'अँटिऑक्सिडंटयुक्त, प्रयोगशाळेत सिद्ध' असं आहे. आता गोळी सोडतो म्हणतात. रोज सकाळी नाचणीसत्त्वाची पेज घेतात, तरी साखर चढतेच. काय करावं?
– एक सूनबाई, चिपळूण

उत्तर : आधी गोळी. ती त्यांना मनाने सोडू देऊ नका.

डबीवरचं 'सिद्ध' खोटं नसेलही, पण बहुतेकदा ते परीक्षानळीतलं असतं. धान्याच्या पिठातून मिथेनॉलसारख्या द्रावकात अर्क काढतात आणि डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात घालतात. जांभळा रंग जाऊन पिवळट झाला, की अँटिऑक्सिडंट गुण आहे म्हणायचं. दुसऱ्या नळीत स्टार्च फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. अर्काने त्याचं काम मंदावलं, की 'साखर कमी करणारा' हा शिक्का. अकार्बोज हे मधुमेहाचं औषध आतड्यात याच वाटेने काम करतं, त्यामुळे संशोधकांची उत्सुकता रास्तच आहे. पण नळीत अर्क आणि विकर समोरासमोर असतात. सासऱ्यांच्या पोटात जेवण, पाचकरस, गोळी असा सगळा बाजार भरलेला असतो.

मला खरी काळजी पेजेची वाटते. सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून फडक्यातून गाळता ना? मग तांबूस साल चोथ्यात जाते, आणि तंतू व पॉलिफेनॉल (वनस्पतीतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) मुख्यतः त्या सालीतच. खाली बसतो तो बहुतांशी स्टार्च, तोही शिजवून पातळ केलेला. चोथा गुरांपुढे आणि सत्त्व मधुमेह्यापुढे! लहान बाळाला ठीक आहे, सासऱ्यांना नको.

त्याऐवजी न चाळलेल्या पिठाची एकच भाकरी द्या (नाचणी झाली तरी मुख्यतः स्टार्चच, दोन-तीन नकोत) आणि सोबत मोड आलेल्या कुळथाची उसळ. पिठल्याचं पीठ आपल्याकडे कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून करतात. पिठलं चांगलंच, पण इथे सालीसकट उसळ किंवा कढण बरं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस पेजेनंतर आणि एक दिवस भाकरी-उसळीनंतर, दोन तासांनी साखर मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबीही बरोबर न्या.