सालाझार नाटोत का गेला, आणि 'एकटा उभा राहिला' ही कथा मला का मान्य नाही

प्रश्न असा आहे: राष्ट्रवादी हुकूमशाही विचारसरणीला आंतरराष्ट्रीय लष्करी आघाड्या चालतात का? सार्वभौमत्वाचा एवढा गजर करणारे राज्यकर्ते नाटोसारख्या करारावर सही कशी करतात?

चालतात. राजवट टिकणार असेल तर हव्याच असतात. अट एकच, आघाडीने शस्त्रं द्यावीत, पैसा द्यावा, आमच्या तुरुंगात कोण आहे ते विचारू नये. ही अट पाळली जाते तोवर सार्वभौमत्वाला धक्का लागत नाही. कोणी विचारलं की त्याच क्षणी धक्का लागतो.

उदाहरण म्हणून हिटलर-मुसोलिनी कोणीही देईल. 1939 चा पोलादी करार झाला आणि पुढच्याच वर्षी मुसोलिनीने हिटलरला न सांगता ग्रीसवर हल्ला केला. अशा दोघांची मैत्री कशी असते ते त्यात आलं. पण मी पोर्तुगालबद्दल, तिथला हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीबद्दल लिहिणार आहे, कारण त्या राजवटीचा मार माझ्या वडिलांनी खाल्ला आहे आणि त्याच राजवटीचं कौतुक मी आमच्या घरच्या पंगतीत ऐकलं आहे.

वडील सावंतवाडीकडचे. 15 ऑगस्ट 1955 ला बांद्याहून पत्रादेवीच्या दिशेने जे सत्याग्रही गेले त्यांत ते होते. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर नि:शस्त्र माणसांवर गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं मेली. पत्रादेवीला पंजाबहून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल पडला. वडिलांना गोळी लागली नाही, बंदुकीच्या दस्त्याने उजवा हात मोडला. तो पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. याची त्यांनी कधी भाषणं केली नाहीत, ताम्रपट भिंतीवर लावला नाही.

आत्या मात्र म्हापशात दिलेली. तिचा मोठा मुलगा, माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. तो पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकला, पोर्तुगीज उत्तम वाचतो, आणि आजही त्याचं मत आहे की सालाझार हा विसाव्या शतकातला शेवटचा स्वाभिमानी राज्यकर्ता होता. एका चवथीला आम्ही सगळे आत्याकडे होतो. जेवणं झाली होती, माटोळीखाली पोरं खेळत होती, आणि कुठल्याशा बातमीवरून विषय निघाला. दादा म्हणाला, "असा माणूस पुन्हा होणार नाही. अमेरिका विरोधात, रशिया विरोधात, युनो विरोधात, तरी वाकला नाही. अभिमानाने एकटे, असं सांगून उभा राहिला. तुमच्या नेहरूंना रशियाचा नकाराधिकार लागला."

हे 'अभिमानाने एकटे' सालाझारच्या फेब्रुवारी 1965 च्या भाषणातलं. दादाला ते मूळ पोर्तुगीजमध्ये पाठ आहे. तो ते म्हणून दाखवत होता तेव्हा वडील शांतपणे विडा लावत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "एकटा होता? मग डलेस कोण होता?"

दादाला उत्तर सुचलं नाही. तिथल्या तरुण मंडळींना तर डलेस कोण हेच माहीत नव्हतं. म्हणून सांगतो. ऑगस्ट 1955 मध्ये गोळीबार झाला. त्याच वर्षी 2 डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी वॉशिंग्टनमधून संयुक्त निवेदन काढलं आणि त्यात गोव्यासारख्या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे 'प्रांत' असा केला. चार दिवसांनी पत्रकारांनी छेडलं तेव्हा डलेस म्हणाले की सारं जग गोव्याला पोर्तुगीज प्रांतच मानतं, चारशे वर्षांपासून तो त्यांचा आहे. वडिलांनी ही बातमी हात गळ्यात बांधलेला असताना वाचली होती. मोडलेल्या हातापेक्षा त्या बातमीचा राग त्यांच्या मनात जास्त राहिला. पाखल्यांकडून, म्हणजे पोर्तुगीजांकडून, दुसरी अपेक्षाच नव्हती, असं ते म्हणायचे. स्वातंत्र्याच्या नावाने आघाडी बांधणाऱ्यांकडून होती.

ही डलेसची साथ पोर्तुगालला फुकट मिळाली नव्हती. तिची किंमत आझोर्समध्ये मोजली गेली होती, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या अटलांटिकमधल्या बेटांत आहे.

दुसऱ्या महायुद्धात सालाझार तटस्थ होता. म्हणजे टंगस्टनचं खनिज जर्मनीलाही विकत होता आणि ब्रिटनलाही. 1943 मध्ये वारं फिरलं तसा त्याने ब्रिटनला आझोर्समध्ये तळ दिला, आणि आधार कशाचा दाखवला तर 1373 च्या इंग्लंड-पोर्तुगाल कराराचा! पुढे अमेरिकनही तिथे आले आणि टेर्सेइरा बेटावरचा लाजेस हा विमानतळ त्यांना सोडवेना. युरोपकडे जाणाऱ्या विमानांना अटलांटिकच्या मधोमध उतरायला तीच जागा. म्हणून 1949 मध्ये नाटो बनली तेव्हा हुकूमशाही असूनही पोर्तुगाल पहिल्या बारा सदस्यांत होता. 4 एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये सही झाली.

सालाझारला तो करार मनातून आवडला नव्हता, आणि त्याचे आक्षेप पाहिले की ही विचारसरणी आघाडीकडे कशी पाहते ते लख्ख दिसतं. पहिला आक्षेप प्रस्तावनेवर. तिथे लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य ही तत्त्वं लिहिली होती. घरी निवडणुका नावापुरत्या, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, पीडे नावाची गुप्त पोलीस यंत्रणा, आणि करारात हे शब्द. त्याने राष्ट्रीय सभेत त्या शब्दांबद्दल नाराजी बोलून दाखवली, कम्युनिझमविरोध तेवढा स्वीकारला आणि सही कायम ठेवली. दुसरा आक्षेप, फ्रँकोच्या स्पेनला बाहेर का ठेवलं. या दोघांचा 1939 पासून आपसात करार होता आणि शेजारची तशीच राजवट पडली तर आपलीही पडेल ही भीती त्याला होती. तिसरा, शांततेच्या काळात परकी सैन्य आपल्या भूमीवर नको. याचं काय झालं? 1951 मध्ये अमेरिकेशी संरक्षण करार झाला आणि लाजेसवर अमेरिकन राहिले. चौथा आक्षेप वसाहतींचा. त्याच्या मते मोझांबिक, अंगोला, गोवा हे सगळं मिळून एकच राष्ट्र. 1951 मध्ये राज्यघटना बदलून त्यांना 'सागरापारचे प्रांत' असं नावही दिलं. पण नाटोच्या कराराने तसं मानलं नाही. सहाव्या कलमात हद्द आखून दिली आहे: युरोप, उत्तर अमेरिका, फ्रान्सचा अल्जीरिया, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची अटलांटिक बेटं. आझोर्स आत, मादेइरा आत. केप व्हर्दी बाहेर. गोवा तर कुठल्या कुठे.

हे कलम वाचून त्याने सही केली होती. ज्या राष्ट्राच्या एकसंधपणासाठी तो पुढे पोरांना मरायला पाठवणार होता, त्यातला मोठा भाग आघाडीच्या संरक्षणाबाहेर आहे हे मान्य करून केली होती. कारण आघाडीत बसल्याने लिस्बनमधली त्याची खुर्ची भक्कम होत होती. युद्धानंतर पोर्तुगालमधल्या विरोधकांना आशा होती की जिंकलेली लोकशाही राष्ट्रं आता सालाझारवर दबाव आणतील. नाटोच्या सहीने ती आशा मोडली.

म्हणून दादा जेव्हा म्हणतो की 1961 मध्ये नाटोने सालाझारला दगा दिला, तेव्हा माझं डोकं फिरतं. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. सुरक्षा परिषदेत भारताने मागे जावं असा ठराव आला, तो मांडणाऱ्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, म्हणजे सगळे नाटोवाले. सात मतं बाजूने, चार विरोधात, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. करारात नसतानाही मित्रांनी मत दिलं. याहून जास्त देण्याचं त्यांच्यावर बंधन नव्हतं. ब्रिटनकडे त्या जुन्या मैत्रीच्या नावाने मदत मागितली, ती मिळाली नाही. राष्ट्रकुलातल्या देशाशी ब्रिटन गोव्यासाठी लढेल हे लिस्बनमध्ये कोणाला खरंच वाटत होतं का?

दगा झाला तो गोव्यातल्या पोर्तुगीज शिपायांना. साधारण साडेतीन हजार माणसं, जुनी शस्त्रं, विमानं नाहीत, मुरगावला 'अफोंसो दे अल्बुकर्क' हे एक म्हातारं जहाज. 14 डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना कळवलं की शरणागती चालणार नाही, पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील किंवा मृत. वासालो ई सिल्वा यांनी तो हुकूम मानला नाही आणि 19 तारखेला शरण आले. त्यांच्यामुळे आपली माणसंही वाचली आणि त्यांचीही. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. आमच्या वडिलांच्या मनात एका पोर्तुगीज माणसाबद्दल आदर होता तर तो यांच्याबद्दल. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की तो भित्रा निघाला. त्यानंतर आमच्यात बरेच दिवस बोलणं नव्हतं.

आता 'एकटे' या शब्दाचा काळ बघा. मार्च 1961 मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर केनेडीच्या अमेरिकेने सुरक्षा परिषदेत पोर्तुगालविरुद्ध मत दिलं, थेट सोव्हिएत संघासोबत. लिस्बनमध्ये आगडोंब उसळला. पण लाजेसचा करार 1962 च्या अखेरीस संपत होता. सालाझारने तो रीतसर वाढवलाही नाही आणि अमेरिकनांना बाहेरही काढलं नाही, नुसतं टांगून ठेवलं. वॉशिंग्टनचा सूर हळूहळू मऊ झाला. 1965 मध्ये 'अभिमानाने एकटे' म्हणताना अमेरिकन विमानं लाजेसवर उतरतच होती आणि पोर्तुगाल नाटोत होताच. एकटेपणा भाषणात होता. तो मायदेशातल्या लोकांना ऐकवायचा होता, कारण त्यांची मुलं आफ्रिकेत लढत होती.

ग्रीसमध्येही हेच दिसतं. 1967 मध्ये तिथल्या कर्नलांनी सत्ता बळकावली, तीही नाटोच्या चौकटीत आखलेली 'प्रोमिथियस' ही योजना वापरून. डिसेंबर 1969 मध्ये मानवी हक्कांवरून हकालपट्टी होणार असं दिसताच ते युरोप परिषदेतून स्वतःच बाहेर पडले. नाटोतून मात्र नाही. तुरुंगांबद्दल विचारणारी संस्था सोडली आणि शस्त्रं देणारी ठेवली. तुमच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर हवं असेल तर ते हेच. फ्रँकोला नाटोने घेतलं नाही म्हणून त्याने 1953 मध्ये अमेरिकेशी थेट करार करून तळ दिले. अशा राजवटींना एकेकट्याशी केलेला सौदा नेहमी सोयीचा वाटतो, कारण टेबलावर प्रस्तावना नसते.

आघाडीत जाण्याचा एक धोका त्यांना असतो आणि सालाझारला तो भोवला. अधिकारी बाहेर जातात, बाहेरचं बघतात. उंबेर्तो देलगादो हा त्याच्याच मुशीतला विमानदलाचा अधिकारी. वॉशिंग्टनला गेला, नाटोत पोर्तुगालचं काम पाहिलं, आणि परत आला तो लोकशाहीवादी होऊन. 1958 मध्ये अध्यक्षपदाला उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय कराल, असं विचारल्यावर म्हणाला, अर्थातच बडतर्फ करणार. निवडणूक त्याच्या हाती लागू दिली नाही, आणि फेब्रुवारी 1965 मध्ये स्पेनच्या हद्दीत पीडेने त्याला मारलं. म्हणजे 'अभिमानाने एकटे'चं भाषण आणि हा खून एकाच महिन्यातले. दादाने हे नाव माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. लिसेवमध्ये ते शिकवलं जाणं शक्यच नव्हतं.

काही गोष्टी जोडायला हव्यात. सालाझारला सरळ फॅसिस्ट म्हणावं का यावर इतिहासकारांत वाद आहे, मी त्यात पडत नाही. आघाडीबाहेर राहणारा प्रत्येक देश असा दुटप्पी असतो असंही नाही. आपलं अलिप्ततेचं धोरण संसदेत उघड चर्चेला येत होतं, त्यावर टीका होत होती. आणि 1961 मध्ये सोव्हिएत नकाराधिकार आपल्याला लागला हे दादाचं म्हणणं खरं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. लोकशाही राष्ट्रांचा दोषही यात मोठा आहे. प्रस्तावना त्यांनीच लिहिली होती, आणि लाजेसच्या धावपट्टीसाठी पंचवीस वर्षं तिच्याकडे त्यांनीच पाठ फिरवली. 1974 मध्ये पोर्तुगालच्या लष्करानेच ती राजवट उलथली, आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला नव्या सरकारने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तेव्हाही पोर्तुगाल नाटोत होता, आजही आहे.

तुमच्याशी कोणी वाद घालताना म्हणालं की अमुक नेता कोणत्याही परक्या आघाडीपुढे झुकत नाही, तर भाषणांत वेळ घालवू नका. तळ कोणाला दिलेत, शस्त्रं कुठून येतात, आणि कोणत्या संस्थेतून तो बाहेर पडला व कोणत्या संस्थेत राहिला, एवढं विचारा. दादाला मी हे तिन्ही विचारले आहेत. तो अजून आझोर्सबद्दल बोलायला तयार नाही.