तिघांना तीन ठिकाणी घालू नका: प्लेनोला येणाऱ्या एका होमस्कूल कुटुंबासाठी

तुम्ही लिहिलंत की जूनमध्ये पुण्याहून टेक्सासमधल्या प्लेनोला येताय, मुलं पाच, नऊ आणि तेरा वर्षांची आहेत आणि तिकडे चालू असलेलं घरचं शिक्षण इथेही चालूच ठेवायचंय. विज्ञान, चित्रकला, नाटक, खेळ यांसाठी बाहेरचे क्लास प्रत्येकाच्या वयाप्रमाणे वेगळे लावावे लागतात का, हा तुमचा मुख्य प्रश्न. माझीही तीन मुलं आहेत. इथे येऊन नऊ वर्षं झाली, त्यातली सात मी त्यांना घरीच शिकवतेय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याची चिंता आधी मनातून काढून टाका. टेक्सासमध्ये घरची शाळा ही खाजगी शाळाच मानली जाते. इथून जवळच्या आर्लिंग्टनमधल्या पालकांनी त्यासाठी खटला लढवला आणि १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढे विषय मनापासून शिकवले पाहिजेत, पुस्तकं-वह्या किंवा संगणकावरचा अभ्यासक्रम असला पाहिजे. नोंदणी नाही, वार्षिक परीक्षा नाही, तपासणीला कोणी येत नाही. तुमची मुलं इथल्या सरकारी शाळेत कधी गेलेलीच नसतील, त्यामुळे नाव काढल्याचं पत्रसुद्धा द्यावं लागणार नाही. तरी वही ठेवा. काय शिकवलं, कोणती पुस्तकं वाचली, ते महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवलेलं पुढे फार उपयोगी पडतं.

आता क्लासबद्दल. माझं ठाम मत आहे की मुलामुलाचा विचार करून क्लास निवडू नका, घराच्या एका दिवसाचा विचार करून निवडा. पहिल्या वर्षी मी नेमकं उलट केलं. मोठीला प्लेनोत रोबॉटिक्स, मधल्याला फ्रिस्कोत नाटक, धाकटीला रिचर्डसनमध्ये जिम्नॅस्टिक्स. तिन्ही क्लास उत्तम होते, शिक्षक जीव लावून शिकवणारे होते. पण मंगळवारी दुपारी एक ते सहा मी गाडीतच असे. धाकटी मागच्या सीटवर पोळीचा रोल हातात धरून झोपून जायची आणि मधल्याचं गणित मांडीवर वही घेऊन, एसी चालू ठेवून, पार्किंगमध्ये व्हायचं. घरी शिकवायचं म्हणून शाळेत घातलं नव्हतं, आणि घरी आम्ही नसायचोच. इथे बसवर भागत नाही, रिक्षा नाही. प्रत्येक क्लास म्हणजे आईचं किंवा बाबांचं जाणं-येणं, आणि ते फीच्या तक्त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून को-ऑप बघा. पाच-पंचवीस कुटुंबं आठवड्यातून एक दिवस एकत्र जमतात, बहुतेक वेळा एखाद्या चर्चच्या रविवारच्या वर्गांच्या खोल्या भाड्याने घेऊन. एकाच छताखाली लहानांच्या खोलीत माती-रंग, मधल्यांच्या खोलीत विज्ञानाचे प्रयोग, मोठ्यांकडे वादविवाद किंवा जीवशास्त्र. शिकवतात आईबापच, त्यामुळे फी बेताची असते, पण तुम्हाला थांबावं लागतं आणि काम वाटून घ्यावं लागतं: एखादा वर्ग शिकवा, कोणाच्या हाताखाली मदत करा, नाहीतर शेवटी खोल्या झाडून द्या. मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसरा प्रकार ड्रॉप-ऑफचा. तिथे पगारी शिक्षक असतात, मुलांना सोडून तुम्ही मोकळ्या. पैसे बरेच जास्त, आणि प्रत्येक विषयाचे वेगळे.

पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याच. पहिली श्रद्धेची. अनेक को-ऑप ख्रिस्ती कुटुंबांनी उभ्या केलेल्या आहेत आणि काही ठिकाणी श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा मान्य असल्याच्या कागदावर, सही मागतात, कधी सगळ्या पालकांची, कधी फक्त शिकवणाऱ्यांची. आम्ही एका ठिकाणी अनामत भरून बसलो आणि तो कागद नंतर हातात आला. सही करणं मनाला पटेना. पैसे परत मिळाले नाहीत, आणि मुलांना तोवर मैत्रिणी मिळाल्या होत्या, ते जास्त लागलं. माणसं वाईट नव्हती, मी आधी विचारलं नव्हतं. सगळ्या धर्मांच्या, किंवा धर्म बाजूला ठेवून चालणाऱ्या को-ऑपही या भागात आहेत.

दुसरी गोष्ट व्हिसाची. तुम्ही एच-४ वर, म्हणजे इथे नोकरीला येणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, येणार आणि कामाचा परवाना नसणार. तेव्हा मोबदला घेऊन शिकवायचं नाही, रोख तर नाहीच. काही को-ऑप शिकवणाऱ्या आईला मुलांच्या फीमध्ये सूट देतात. तीसुद्धा मोबदल्यात धरली जाऊ शकते, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. नियमच असेल की सगळे पालक फुकट हातभार लावतात, तर गोष्ट वेगळी, पण विचारून घेतलेलं बरं.

वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकू शकतात का, अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. माझा अनुभव सांगते. इथून दोन तासांवर ग्लेन रोझला डायनॉसॉर व्हॅली स्टेट पार्क आहे. पॅलक्सी नदीच्या पात्रात, चुनखडीत, साधारण ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे पायांचे ठसे आहेत. पाणी उतरलं की उघडे पडतात. आम्ही चार कुटुंबं मिळून गेलो होतो, चार वर्षांपासून पंधरापर्यंतची अकरा मुलं. धाकटीने तीन बोटांच्या एका ठशात दोन्ही पाय ठेवून बघितले, तरी जागा उरली. मधल्याने टेप धरून एका ठशापासून पुढच्यापर्यंतचं अंतर मोजलं, त्याच्या मित्राने वहीत लिहिलं. मोठ्या मुली त्या आकड्यांवरून प्राणी चालत होता की पळत, हे काढायला बसल्या आणि मापं जुळेनात, म्हणून लहानांना पुन्हा पाण्यात पाठवलं. चूक लहानांचीच होती, टेप ओला होऊन दुमडला होता. मोठीने ते धाकट्यांना ज्या धीराने दाखवलं, तसं मला कधीच जमलं नसतं. वयाप्रमाणे वेगळ्या तीन क्लासमध्ये हे झालंच नसतं.

याच कारणासाठी फोर-एच क्लबची, म्हणजे मुलांनी हाताने काम करून शिकायच्या क्लबची, चौकशी करा. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ॲग्रिलाइफ एक्स्टेन्शन या कृषी विस्तार कचेरीमार्फत ते चालतात. तिसरी ते बारावी एकाच क्लबमध्ये, त्याहून लहानांसाठी सोपा गट. ससे पाळण्यापासून फोटोग्राफी, स्वयंपाक, रोबॉटिक्सपर्यंत ज्याने-त्याने आपला प्रकल्प निवडायचा. वाचनालयांचे दिवसाचे कार्यक्रम फुकट असतात. डॅलस म्युझियम ऑफ आर्टलाही प्रवेशाचे पैसे नाहीत. मॅकिनीतल्या हर्ड संग्रहालयाच्या जंगलवाटा मात्र ऑगस्टमध्ये नको, ऑक्टोबरात जा. टेक्सासचं ऊन अंगवळणी पडायला एक वर्ष लागतं.

तेरा वर्षांच्या मुलाला मात्र थोडं वेगळं धरावं लागेल. इथे नववीपासूनचे विषय आणि गुण कॉलेजच्या अर्जात जातात, आणि ते गुणपत्रक तुम्हीच बनवायचं असतं. म्हणून त्याला निदान एक तरी विषय असा द्या, ज्यात बाहेरचा माणूस त्याचं काम तपासेल. लिखाण असेल तर फारच छान, कारण आपल्या मुलांचं इंग्रजी बोलणं चांगलं असलं तरी निबंध बांधायची इथली रीत निराळी आहे. पुढे कॉलिन कॉलेजसारख्या कम्युनिटी कॉलेजमध्ये हायस्कूलच्या वयातच विषय घेता येतात. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा, मे महिन्यात असतात, पण घरी शिकणाऱ्या मुलाला बसू देणारी शाळा आपणच शोधायची आणि नोंदणी आदल्या नोव्हेंबरच्या मध्याआधी उरकायची. ही तारीख माझ्या हातून एकदा निसटली आहे.

मराठीचं म्हणाल तर उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालणारी मराठी शाळा या भागात आहे. तिथे इयत्ता भाषेच्या तयारीप्रमाणे असते, वयाप्रमाणे नाही. तुमची मुलं पुण्याची, त्यामुळे मोठा बहुधा शिकवायला मदतच करेल. त्याला ते करू द्या. नव्या देशात पहिल्या सहा महिन्यांत त्याला काहीतरी इतरांपेक्षा चांगलं येतंय, हे त्याला दिसायला हवं.

वेळेचं गणित असं. को-ऑपचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात सुरू होतं आणि नावनोंदणी बहुतेक ठिकाणी मार्च ते मे दरम्यान होते, म्हणजे तुम्ही विमानात बसायच्या आधी. आत्ताच दोन-तीन ठिकाणी मेल करा, जूनमध्ये येतोय हे सांगा, जागा नसेल तर प्रतीक्षा यादीत नाव घाला. पण पहिल्या सत्रात एकच दिवस बांधून घ्या. बाकीचे चार दिवस रिकामे राहिले तर घाबरू नका. घर लावायचं, लायसन्स काढायचं, मुलांना झोप जुळवायची, यातच ते जातील. जानेवारीत दुसरं सत्र सुरू होतं, तेव्हा काय कमी पडतंय ते तुम्हाला स्वतःलाच कळलेलं असेल.

आणि बॅगेतली एक गोष्ट. टेक्सासमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला, तो चार फूट नऊ इंचांपेक्षा उंच नसेल तर, गाडीत त्याच्या मापाची सीट लागतेच. को-ऑपमधली कोणी मैत्रीण धाकट्याला आपल्या गाडीतून न्यायला तयार झाली तरी सीट तुम्हीच द्यायची. भारतातून ती आणू नका, इथल्या मानकाची लागते. एक तुमच्या गाडीत, आणि दुसरी हलकी, पटकन काढता येईल अशी, दुसऱ्याच्या गाडीत ठेवायला.