'देहोपस्थिती' की 'बंदी प्रत्यक्षीकरण'?

प्रश्न असा आहे : "कैद्याची हेबियस कॉर्पस याचिका न्यायालयाने फेटाळली, असं बातमीत वाचलं. मराठीत याला 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणायचं की 'देहोपस्थिती'? 'देह' म्हटलं की मला प्रेतच आठवतं."

हेबियस कॉर्पस म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाची कैद कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने तपासण्याचा मार्ग. संविधानाच्या मराठी पाठात, अनुच्छेद ३२ मध्ये, त्याला 'देहोपस्थिती' म्हटलं आहे. 'बंदी प्रत्यक्षीकरण' हिंदीतला. तिथे बंदी म्हणजे कैदी, त्यामुळे तो शोभतो. आपल्याकडे तुरुंगाच्या कागदांत 'न्यायाधीन बंदी', म्हणजे खटला चालू असलेला कैदी, असतो खरा, पण बोलताना बंदी म्हणजे दारूबंदी, जमावबंदी. मी तरी तो शब्द मराठीत वापरणार नाही.

देहाला घाबरू नका. देहभान, देहबोली, देह झिजवणे हे सगळं जिवंत माणसाचंच.

मला खटकतं ते 'उपस्थिती'. लॅटिनमध्ये 'हेबियस' हे क्रियापद आहे : 'तुझ्यापाशी असावा'. 'कॉर्पस' म्हणजे देह. म्हणजे मुळात हे नाम नाहीच, एका हुकमाचे सुरुवातीचे शब्द आहेत आणि तो हुकूम कैद्याला नाही, त्याला डांबून ठेवणाऱ्याला आहे : ताब्यातला माणूस घेऊन ये आणि कोणत्या अधिकाराने डांबलंस ते सांग. आपल्या नामात हा 'तू' हरवला. उरली नुसती हजेरी, आणि नेमकी तीच आता अनिवार्य नाही.

नक्षलवादी नेते कानू सन्याल विशाखापट्टणमच्या तुरुंगात असताना त्यांच्या याचिकेवर हाच मुद्दा निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या जुन्या प्रथेपासून सगळं तपासलं आणि सांगितलं की कैद्याला समोर आणल्याशिवायही अशी याचिका ऐकता येते. कैद कायदेशीर आहे का, हे तपासणं हा या रिटचा, म्हणजे न्यायालयाच्या या हुकमाचा, गाभा. पुढच्या वर्षी सन्याल यांची याचिका फेटाळली गेली. देह न्यायालयात आला नाही तरी जाब विचारला गेला, म्हणून 'उपस्थिती' हा शब्द मला अपुरा वाटतो. तरीही संविधानातला शब्द आहे, रुळू द्यावा.

आता बातमीतलं वाक्य. 'कैद्याची याचिका' म्हणजे त्यानेच केलेली असं नाही. त्याच्या वतीने आई, पत्नी, मित्र कुणीही ती करू शकतं. शिवाय खटला न चालवता प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेल्याला 'कैदी' म्हणू नये, 'स्थानबद्ध' म्हणावं. २८ एप्रिल १९७६ चा, आणीबाणीतला प्रसिद्ध निकाल अशा स्थानबद्धांबद्दल होता. चार विरुद्ध एक मतांनी त्यांना न्यायालयाचं दार बंद झालं. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. त्या माणसांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता, आणि 'कैदी' म्हटलं की नेमकं तेच झाकलं जातं.

फेटाळली जाते ती याचिका. रिट काढलं जातं. म्हणून 'हेबियस कॉर्पस फेटाळला' असं न लिहिता 'स्थानबद्धाच्या वतीने केलेली देहोपस्थिती याचिका फेटाळली' असं लिहावं.