आधी मोजमाप पक्के करा
कामातील दोष कमी करण्याच्या सिक्स सिग्मा या तंत्राची व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण ही पाच टप्प्यांची पद्धत तुम्ही प्रथमच हाती घेत आहात, म्हणून आवर्जून सांगतो की सर्वाधिक वेळ मोजमापाला द्या. १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत आकाराला आलेल्या सिक्स सिग्माचे दहा लाख संधींमागे (म्हणजे दोष घडू शकेल अशा दहा लाख ठिकाणांमागे) ३.४ दोष हे ध्येय सर्वांच्या तोंडी असते. परंतु दोष कशाला म्हणायचे यावरच एकमत नसेल, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. माझ्या पहिल्या प्रकल्पात आम्ही बिले मंजूर होण्यास लागणारे दिवस मोजत होतो. एक कर्मचारी बिल हातात पडल्यापासून दिवस धरत असे, तर दुसरा संगणकात नोंद झाल्यापासून, आणि तीन आठवड्यांची मेहनत अक्षरशः पाण्यात गेली. त्यामुळे तीच पंचवीस-तीस बिले दोघांना स्वतंत्रपणे तपासायला द्या आणि उत्तरे जुळतात का ते पाहा. केवळ सरासरीवरही विसंबू नका: निम्मी बिले २ दिवसांत आणि निम्मी १८ दिवसांत सुटत असतील तर सरासरी १० दिवस येते, पण प्रत्यक्षात एकाही बिलाला १० दिवस लागलेले नसतात. सुधारणा लागू करण्यापूर्वीच नियंत्रण आलेख (मोजमापे वेळेनुसार वरच्या-खालच्या मर्यादारेषांसह दाखवणारा आलेख) कोण भरणार हे ठरवा, आणि एखादा बिंदू मर्यादेबाहेर गेल्यास त्याने कोणाला कळवायचे, हेही लिहून ठेवा.