दारू सोडल्यावर दोन औषधं एकत्र घेतली तर जास्त फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की भाऊ पंधरा दिवस ॲडमिट राहून घरी आला, डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोनची एकच गोळी सुरू केली, आणि ओळखीतल्या एकाला मात्र दोन-दोन औषधं चालू आहेत. मग आपल्यालाच एक का, आणि दोन एकत्र देऊन कुणी तपासलंय का?

तपासलंय, आणि चांगलं मोठं तपासलंय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. माझं मेडिकल आहे, आणि या गोळ्या मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यात. मला सोडून अकरा वर्षं झाली.

दोन औषधं एकत्र करायची कल्पना कागदावर फार पटते. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा कमी करतं. घोट घेतला तरी ती 'किक' बसत नाही. ॲकॅम्प्रोसेट दारू सुटल्यानंतरची तगमग, उडालेली झोप, उगाचची बेचैनी यावर काम करतं. म्हणजे एक पुढून अडवणार, दुसरं मागून. जर्मनीत हॅम्बुर्गला 160 जणांवर हे बारा आठवडे करून पाहिलं, निकाल 2003 मध्ये छापून आला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा आणि नुसतं ॲकॅम्प्रोसेट घेणाऱ्यांपेक्षा दोन्ही घेणारे चांगले टिकले. पण नुसत्या नाल्ट्रेक्सोनवाल्यांपेक्षा ते सरस आहेत असं खात्रीनं म्हणण्याइतका फरक निघाला नाही.

मग अमेरिकेत 'कम्बाइन' नावाचा अभ्यास झाला. 11 केंद्रं, 1383 माणसं, सोळा आठवडे उपचार, निकाल 2006 मध्ये छापून आला. नऊ गट पाडले होते: कुणाला एक औषध, कुणाला दुसरं, कुणाला दोन्ही, कुणाला खोटी गोळी, आणि यातल्या निम्म्या गटांना वर सविस्तर समुपदेशन. नाल्ट्रेक्सोननं थोडा पण खरा फायदा दिला. ॲकॅम्प्रोसेटचा तिथे काहीच फायदा दिसला नाही, आणि दोन्ही एकत्र दिल्यानंही जास्तीचं काही हाती लागलं नाही. युरोपातल्या आधीच्या अभ्यासांत ॲकॅम्प्रोसेट चाललं होतं, अमेरिकेतच का नाही, यावर बराच वाद झाला. तिकडची बरीच माणसं दवाखान्यात राहून दारू नीट उतरवून आलेली होती, अमेरिकेत चार दिवस न पिता राहिलेल्यांनाही घेतलं होतं, हे एक कारण सांगतात आणि मला ते पटतं.

मला या अभ्यासातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नवव्या गटाला गोळीच नव्हती, फक्त समुपदेशन. दुसऱ्या एका गटाला खोटी गोळी होती, पण सोळा आठवड्यांत नऊ वेळा डॉक्टर किंवा नर्स भेटायची. पहिली भेट पाऊण तासाची, पुढच्या वीसेक मिनिटांच्या: गोळ्या घेतल्या का, चुकल्या तर का चुकल्या, मधे प्यायलात का. उपचार चालू असताना खोट्या गोळीवाल्यांचे शंभरातले सुमारे 74 दिवस कोरडे गेले, नुसत्या समुपदेशनवाल्यांचे 67. गोळीत औषध नव्हतंच! कुणीतरी नेमानं विचारत होतं, एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला माझंच आठवलं. पहिल्या खेपेला मला दोन्ही औषधं होती. ॲकॅम्प्रोसेटच्या दिवसाला सहा गोळ्या, दोन-दोन-दोन, आणि नाल्ट्रेक्सोनची एक. दुकानात गिऱ्हाईक असलं की दुपारच्या दोन राहायच्या. मग रात्रीच्याही राहायला लागल्या. माझी दारू सुटायच्या आधी गोळ्याच सुटल्या. तिसऱ्या महिन्यात मी परत गुत्त्यावर. ज्याच्या कपाटात औषध भरलेलं, त्याची ही तऱ्हा.

दुसऱ्या खेपेला एकच गोळी होती, डायसल्फिराम, जी घेतल्यावर प्यायलात तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. बायको सकाळी अर्धी वाटी पाण्यात विरघळवून समोर ठेवायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत हलायची नाही. मुंबईत शंभर पुरुषांवर वर्षभर केलेला, 2004 मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, तो असाच. घरचं माणूस गोळी देणार, एका गटाला डायसल्फिराम, दुसऱ्याला नाल्ट्रेक्सोन. वर्षाअखेर पहिल्यातले 86 टक्के टिकले, दुसऱ्यातले 44. कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे यात गोळीचा वाटा किती आणि भीतीचा किती, ते सांगता येत नाही.

पण म्हणून भावाच्या चहात गुपचूप डायसल्फिराम घालू नका. महिन्यातून एक-दोन जण तरी माझ्याकडे 'न सांगता द्यायची गोळी' मागायला येतातच. न कळता पोटात गेलेल्या गोळीवर तो क्वार्टर मारून आला तर बीपी इतकं खाली जाऊ शकतं की जीवावर बेतेल. आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

तेव्हा एक गोळी आहे म्हणून कमी उपचार चाललाय असं समजू नका. दुसरं जोडायचं तर तुमच्या डॉक्टरांना भावाची झोप कशी आहे, तगमग किती आहे, ते सांगा, ते ठरवतील. लिव्हरची तपासणी झाली का तेही विचारा. ॲकॅम्प्रोसेट सुरू करायचं म्हटलं तर किडनीची. आणि दात काढायचा असो की प्लास्टर घालायचं असो, नाल्ट्रेक्सोन चालू आहे हे त्या डॉक्टरला आधी सांगायचं. ट्रामाडोलसारखी वेदनाशामकं त्याच्यावर नीट लागू पडत नाहीत. मी माझ्या गिऱ्हाइकांना तशी चिठ्ठी लिहून देतो, आधार कार्डाच्या कव्हरमध्ये मावेल एवढी.