१० + २० = १०२० का येतं?

प्रश्न थोडक्यात असा: पायथनमध्ये दोन संख्या विचारून बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. १० आणि २० दिले तर उत्तर आलं १०२०. कुणीतरी सांगितलं म्हणून इंट() (पूर्णांक बनवणारं फंक्शन) लावलं, तर बेरीज नीट यायला लागली, पण १२.५ टाकताच एरर. मग कुठे इंट, कुठे फ्लोट (अपूर्णांकासाठी), कुठे स्ट्र (मजकुरासाठी) लावायचं हे पाठच करायचं का?

पाठ करून फार दिवस निभणार नाही. मी सुरुवातीला तेच केलं होतं. एरर आली की इंट() लावून बघायचं, नाही जमलं तर फ्लोट(), तेही नाही तर स्ट्र(). प्रोग्रॅम चालायचे, पण का चालतात ते मला विचारू नका अशी परिस्थिती होती. (फंक्शनांची नावं आणि अंक इथे देवनागरीत लिहितोय, कोड चालवताना मूळ इंग्रजी स्पेलिंग घाला.)

पहिला घोळ इनपुट() बद्दलचा, म्हणजे वापरणाऱ्याला विचारून उत्तर घेणाऱ्या फंक्शनबद्दलचा. ते तुमच्याकडून संख्या घेतच नाही, कळा घेतं. तुम्ही एकची कळ दाबली, शून्याची दाबली, एंटर मारलं. त्यातून तयार झाली दोन अक्षरांची स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. मेमरीत ती ४९ आणि ४८ या दोन बाइटांनी राहते, कारण '1' आणि '0' या चिन्हांचे कोड ते आहेत. दहा ही संख्या मात्र बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) १०१० अशी असते. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात आणि तिथेच फसायला होतं. पायथन ३ मध्ये इनपुट() कायम स्ट्रिंगच देतं. पायथन २ मध्ये याच नावाचं फंक्शन टाइप केलेला मजकूर पायथनचा कोड समजून चालवून बघायचं, त्यामुळे १० टाकलं की पूर्णांक मिळायचा (आणि कुणी वाकडं काही टाकलं तर तेही चालायचं). जुन्या ट्युटोरियलमधला कोड उतरवून घेतला असेल तर इंट() का नव्हतं याचं कारण हे.

आता टाइप म्हणजे काय? समोरच्या बिटांचा अर्थ काय लावायचा आणि त्यांच्यावर कोणती क्रिया कशी करायची, हे ठरवणारी गोष्ट. '+' ही खूण दोन पूर्णांकांमध्ये आली तर बेरीज, दोन स्ट्रिंगांमध्ये आली तर जोडणी. "१०" * ३ करून बघा, "१०१०१०" मिळेल. म्हणजे १०२० हे उत्तर चुकलेलं नाही. तुम्ही जोडणी मागितलीत, पायथनने जोडून दिलं. '+' ची एक बाजू स्ट्रिंग आणि दुसरी पूर्णांक असेल तर पायथन टाइपएरर देऊन थांबतं, कारण तुम्हाला बेरीज हवी की जोडणी हे त्याने का ठरवावं? जावास्क्रिप्ट ठरवतं. तिथे "५" + ३ केलं तर "५३" येतं आणि "५" - ३ केलं तर २. पायथनची एरर सुरुवातीला त्रास देते खरी, पण मला तीच जास्त प्रामाणिक वाटते.

दुसरी गोष्ट पुस्तकांत एका ओळीत उरकतात, पण नवशिक्यांचा निम्मा वेळ तिथेच जातो. पायथनमध्ये टाइप व्हेरिएबलला नसतो, किमतीला असतो. वय हे नाव म्हणजे नुसती चिठ्ठी. आज ती स्ट्रिंगवर चिकटलेली आहे, पुढच्या ओळीत पूर्णांकावर चिकटवता येईल. आणि इंट(वय) असं लिहिल्याने वय बदलत नाही! इंट() जुन्या किमतीला हात लावत नाही, तिच्यावरून नवी किंमत बनवून तुमच्या हातात देतं. ती कुठे ठेवली नाहीत तर गेली. वय = इंट(वय) असं लिहाल तेव्हाच चिठ्ठी नव्या किमतीवर जाते. नुसतं इंट(वय) एका ओळीवर लिहून "कन्व्हर्ट केलं तरी स्ट्रिंगच येतेय" म्हणणारे मी खूप पाहिलेत, आणि कधीकाळी त्यांच्यातच होतो.

आता १२.५ ची एरर. मजा अशी की इंट(१२.५) चालतं, १२ मिळतात. इंट("१२.५") मात्र व्हॅल्यूएरर देतं. एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. फ्लोट दिला तर इंट() दशांशाचा भाग कापून टाकतं. स्ट्रिंग दिली तर ते वाचक होतं आणि विचारतं, "हे पूर्णांकाचं लिखाण आहे का?" "१२.५" तसं नाही, म्हणून नकार. यावर सगळीकडे सापडणारा उपाय म्हणजे इंट(फ्लोट("१२.५")). एरर जाते, अर्धाही जातो, तोही गुपचूप. माणसाने १२.५ लिहिलं याचा अर्थ त्याला अपूर्णांक द्यायचा होता. तो चालत असेल तर फ्लोट() वापरा, चालत नसेल तर त्याला तसं सांगा. मधल्यामध्ये कापू नका.

कापण्यातही तऱ्हा आहेत. इंट(-२.७) म्हणजे -२, कारण इंट() शून्याच्या दिशेने कापतं. पण -७ // २ म्हणजे -४, कारण // हा पूर्णांकी भागाकार खालच्या पूर्णांकाकडे जातो. राऊंड(२.५) हे २ देतं आणि राऊंड(३.५) हे ४. बरोबर मध्यावर असलं की जवळच्या सम संख्येकडे जायचं असा तिथला नियम आहे. शाळेतला "पाच आला की वर" हा नियम इथे लागू नाही.

स्ट्रिंग वाचताना इंट() कुठे कडक आणि कुठे सैल असतं ते पाहणं गमतीचं आहे. आजूबाजूच्या मोकळ्या जागा चालतात. "१_०००" चालतं, "१,०००" चालत नाही. आणि मराठी माणसाला आवडेल अशी गोष्ट: इंट("४२") मध्ये आकडे खरोखर देवनागरीत टाइप केले तरी ४२ मिळतात. युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींतल्या चिन्हांच्या सामाईक यादीत) जे दशमान अंक म्हणून नोंदलेले आहेत ते सगळे इंट() ओळखतं. थेट कोडमध्ये मात्र वय = ४२ असं लिहिलंत तर सिंटॅक्स एरर येते, तिथे इंग्रजी आकडेच लागतात. वय हे देवनागरी नाव चालतं, हा आणखी एक विनोद. यातूनच एक खड्डा: इंट() च्या आधी इझडिजिट() ने (मजकुरात फक्त अंक आहेत का ते सांगणाऱ्या फंक्शनने) तपासणी करू नका. वर्गाचं छोटं ² हे चिन्ह इझडिजिट() ला अंक वाटतं, इंट() ला वाटत नाही.

मग सरळ सगळीकडे फ्लोटच वापरू? नको. ०.१ + ०.२ छापून बघा, ०.३०००००००००००००००४ येईल. हा पायथनचा दोष नाही. बहुतेक भाषा आयईईई ७५४ हेच मानक पाळतात (१९८५ पासूनचं आहे), त्यात फ्लोट ६४ बिटांत बसवतात आणि अचूकतेसाठी त्यातले ५३ बिट मिळतात. एक तृतीयांश जसा दशमानात ०.३३३ असा संपतच नाही, तसा एक दशांश बायनरीत संपत नाही. कुठेतरी तोडावाच लागतो. पूर्णांकांनाही फटका बसतो. फ्लोट(९००७१९९२५४७४०९९३) केलंत तर शेवटचा ३ जाऊन २ येतो, कारण २ च्या ५३ व्या घाताच्या पुढे प्रत्येक पूर्णांकाला फ्लोटमध्ये जागा नाही. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा मोठा होऊ शकतो, फ्लोट नाही. म्हणून "फ्लोट म्हणजे इंटपेक्षा मोठा डबा" ही समजूत सोडा. पैशांच्या हिशेबाला डेसिमल (दशमानातच हिशेब ठेवणारा पायथनचा टाइप) वापरा, आणि तेही डेसिमल("०.१") असं स्ट्रिंग देऊन. डेसिमल(०.१) लिहिलंत तर आधीच बिघडलेला फ्लोट आत जातो आणि ती चूक अगदी काटेकोरपणे जपली जाते.

कन्व्हर्जन किती महाग पडू शकतं याचं नेहमीचं उदाहरण एरियन ५ चं. ४ जून १९९६ ला हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांचा एक फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात बदलला जात होता, आणि त्यात ३२७६७ पेक्षा मोठी किंमत बसत नाही. कोड एरियन ४ मधून आलेला. त्या रॉकेटच्या वेगाला ही मर्यादा कधी ओलांडली जाणार नाही असा हिशेब होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त निघाला. राखीव यंत्रणेत तोच कोड होता, त्यामुळे तीही बंद पडली.

बूल (खरं की खोटं, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, एवढंच सांगणारा टाइप) बद्दल थोडक्यात: बूल("फॉल्स") हे ट्रू असतं. बूल("०") सुद्धा. स्ट्रिंग रिकामी आहे की नाही एवढंच बूल() बघतं, आत काय लिहिलंय ते वाचत नाही. सेटिंगच्या फाइलमधून हो किंवा नाही वाचायचं असेल तर शब्दाची तुलना स्वतः करा.

आणि आकड्यांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. एका यादीतले सभासद क्रमांक मी एकदा नीटनेटकेपणाच्या हौसेपोटी पूर्णांकात बदलले. "००७१२" चे ७१२ झाले, दुसऱ्या यादीशी जुळेनात, आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलेलं असल्याने शून्यं परत आणायला दोन दिवस गेले. फोन नंबर, पिन, सभासद क्रमांक यांची कुणी बेरीज करत नाही, त्या स्ट्रिंगच ठेवा. एक्सेल तर न विचारताच बदलतं. मार्च१ आणि सेप्ट२ अशा नावांच्या जनुकांच्या तो तारखा करायचा. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशी नावंच बदलण्याचं धोरण जाहीर केलं. सेप्ट२ चं झालं सेप्टिन२.

तुमचा प्रोग्रॅम मी असा लिहीन:

डेफ संख्या_विचारा(प्रश्न):
    व्हाइल ट्रू:
        मजकूर = इनपुट(प्रश्न)
        ट्राय:
            रिटर्न फ्लोट(मजकूर)
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
            प्रिंट("ही संख्या नाही, परत द्या")

अ = संख्या_विचारा("पहिली: ")
ब = संख्या_विचारा("दुसरी: ")
प्रिंट(अ + ब)

मजकूर आत येतो त्या दारातच एकदा बदल केला, त्यामुळे पुढे सगळीकडे संख्याच आहेत. कन्व्हर्जन प्रोग्रॅमभर विखुरलं की कुठल्या ओळीपर्यंत स्ट्रिंग होती ते शोधत बसावं लागतं. १० आणि २० दिल्यावर आता ३०.० येईल, त्यावर लगेच इंट() घालू नका, नाहीतर १२.५ ची गोष्ट परत सुरू होईल. एक फट यातही आहे: कुणी "नॅन" ("संख्या नाही" असा अर्थ असलेली खास फ्लोट किंमत) हे इंग्रजीत टाइप केलं तर फ्लोट() ते आनंदाने स्वीकारतं आणि बेरीजही नॅन येते. सरावाच्या प्रोग्रॅममध्ये ते सोडून द्या, खऱ्या कामात मॅथ.इझफायनाइट() ने तपासा.

पुढच्या वेळी उत्तर विचित्र आलं तर बेरजेच्या वरच्या ओळीत प्रिंट(रेप्र(अ), टाइप(अ)) टाका. नुसतं प्रिंट(अ) स्ट्रिंग आणि संख्या सारखीच दाखवतं, रेप्र() मध्ये स्ट्रिंगभोवती अवतरणचिन्हं दिसतात. तरीही अडलं तर त्या ओळीचं आउटपुट जसंच्या तसं इथे टाका, मी बघतो.