बांधावरची टणटणी: तोडू नका, मुळासकट काढा

यावल-रावेरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांची सध्या एकच तक्रार आहे: बांधावरची टणटणी (घाणेरी) दरवर्षी तोडतो, जाळतो, तरी दुप्पट फुटते, कोणते तणनाशक मारू? एका भाऊंनी सोबत लिहिलंय की वासराने तिचा पाला खाल्ला, डोळे पिवळे पडले, नाकाडाची कातडी सोलतेय.

आधी वासराचं. भाऊ, आजच पशुवैद्यकाला दाखवा. हे विष यकृताला बाधतं, कावीळ होते आणि मग ऊन लागलं की कातडी भाजते. वासरू सावलीत, शक्यतो बंद गोठ्यात बांधा. खाल्लेला पाला पोटात असेपर्यंत विष भिनत राहतं. ‘आता खात नाही, होईल बरं’ म्हणून थांबू नका. चाराटंचाईत आणि बाजारातून नव्याने आणलेल्या जनावरांना धोका जास्त.

आता बांध. ही झुडपं मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत लावली, तिथून कुंपणाला गेली आणि पाखरांनी बी रानभर नेलं. वरून तोडलं की बुडखा पुन्हा फुटतो. जाळल्यानेही तेच होतं. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की कुदळीने बुडाभोवती उकरा, मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडा आणि झुडूप उलटं करून दगडांवर टाका. ओल्या मातीवर पडलेली फांदी पुन्हा मूळ धरते. काळी फळं पिकण्याआधी हे उरका. नंतर बांधावरच्या निंबा-बाभळीखाली नक्की बघा; पाखरं तिथेच बसतात, रोपं तिथेच उगवतात. ती हाताने उपटली जातात. मोकळ्या बांधावर मारवेल गवत लावा, चाराही होईल.

टू-फोर-डी हे तणनाशक मात्र कपाशीच्या आसपास आणूच नका. वाऱ्याने आलेल्या तुषारांनीही कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी होतात. ते फवारलेला पंप कपाशीला वापरला तरी तेच. शिवाय टणटणीवर पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी पोसतात, म्हणून कपाशीलगतचा बांध सगळ्यात आधी घ्या.

नर्सरीतली रंगीत बुटकी टणटणी अंगणात लावू का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, नका लावू. जास्वंद, मोगरा लावा.